मधल्या वर्षांत पाठीवर हात: नाशिकमधल्या पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सांभाळायचं कसं

चार वर्षांपूर्वी आमच्या संशोधन केंद्रात एका मुलीचा व्हायवा, म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, होती. तिचे वडील सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावरून पहाटेच्या एसटीने आले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता. आत व्हायवा चालू असताना ते दोन तास जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आत बसता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही. मी बाहेर आल्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, पोरगी पास झाली ना? सहा वर्षं ती काय करत होती ते मला गावात कुणाला सांगता आलं नाही. आता निदान झालं एवढं तरी सांगतो."

त्या दिवसापासून मी या कामाला लागले. आमच्या केंद्रात आज २८ पीएचडीचे विद्यार्थी आहेत आणि एमए, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करणारी साठेक मुलं. त्यांच्यासाठी काय केलं, काय फसलं आणि काय टिकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विभागांसाठी आहे, गाइडसाठी, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकांसाठी आहे आणि घरच्यांसाठीही आहे.

एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नोंदणी झाली की पेढे वाटले जातात आणि पदवी मिळाली की सत्कार होतो. मधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र त्या मुलाकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि मुलं गळतात ती तिथेच. म्हणून खाली जे सांगते आहे त्यातलं बहुतेक त्या मधल्या वर्षांसाठी आहे.

आधी यादी करा

हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण तुमच्या महाविद्यालयात आज किती जण पीएचडी करत आहेत, असं कार्यालयात विचारून बघा. तीन टेबलांवर तीन आकडे मिळतील. आम्हाला पहिली यादी करायला दीड महिना लागला.

यादीत नुसतं नाव आणि विषय नको. नोंदणीची तारीख, गाइडचं नाव, पूर्णवेळ की अर्धवेळ, फेलोशिप कोणती आणि ती कधी संपते, राहायला कुठे, येण्याजाण्याला किती वेळ लागतो, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, एवढं विचारा. शेवटचे दोन प्रश्न फॉर्मवर विचारू नका. चहा पिताना विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळतं.

ही यादी हाती आल्यावर कळतं की 'विद्यार्थी' या एका शब्दात किती वेगवेगळी माणसं बसली आहेत. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून रात्री प्रबंध लिहिणारा सीएचबीवाला आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करून मुक्त विद्यापीठातून एमए करणारा आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवासी डॉक्टर आहे, तिला छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर तुमच्या कार्यक्रमापेक्षा झोप जास्त हवी असते. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराचा मुलगा आहे, तो गोडी छाटणीच्या वेळी गावी जाणारच. हे माहीत असेल तर तुम्ही त्या पंधरवड्यात सादरीकरणाची तारीख लावणार नाही. आम्ही एकदा लावली होती आणि त्याने बागेतून फोन करून माफी मागितली. माफी खरं तर आम्ही मागायला हवी होती.

भिंतीवर तारखा लावा

बहुतेकांचं घोडं अभ्यासात अडत नाही, तारखांमध्ये अडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम विभागातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत, कारण मुलं आधी तुम्हालाच विचारतात.

कोर्सवर्कसह, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक अभ्यासक्रमासह, पीएचडीचा किमान कालावधी ३ वर्षं आहे आणि कमाल ६. त्यात काम झालं नाही तर पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत देता येते, म्हणजे त्यांच्यासाठी एकूण मर्यादा १० वर्षं होते. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. ही शेवटची तरतूद मी दरवर्षी नोंदणीच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवते. बाळंतपण आलं म्हणून गुपचूप नोंदणी सोडून दिलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. दोघींनाही ही रजा मिळाली असती. सांगायला कुणी नव्हतं, एवढंच.

प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आपण ज्याला रॅक म्हणतो तिच्यापुढे, प्रगतीचा अहवाल आणि सादरीकरण द्यावं लागतं. एका मोठ्या तक्त्यावर प्रत्येकाच्या रॅकचा महिना, फेलोशिप संपण्याची तारीख आणि सहा वर्षं पूर्ण होण्याची तारीख लिहा. आमचा तक्ता झेरॉक्सच्या खोलीत आहे, कारण तिथे सगळेच जातात. रॅकच्या सहा आठवडे आधी त्या मुलाला आठवण करायची आणि चार आठवडे आधी गाइडना. हे काम एका माणसाच्या नावावर असावं. 'विभाग बघेल' असं ठरलं की कुणीच बघत नाही.

रॅकला जाण्याआधी एक रंगीत तालीम जरूर घ्या. दोन सहविद्यार्थी, एक दुसऱ्या विषयाचा शिक्षक आणि वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या विषयाचा शिक्षक मुद्दाम हवा. 'हे तुम्ही नेमकं कशासाठी करताय?' हा साधा प्रश्न तोच विचारतो आणि नेमक्या त्याच प्रश्नाला समितीपुढे मुलांच्या तोंडचं पाणी पळतं.

पैशाबद्दल मोकळेपणाने बोला

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कौतुकाच्या कार्यक्रमात पैशाचा विषय कुणी काढत नाही आणि मुलांच्या डोक्यात तर रात्रंदिवस तोच असतो.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. सारथी मराठा, कुणबी समाजासाठी, बार्टी अनुसूचित जातींसाठी आणि महाज्योती इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. एकुलत्या एका मुलीसाठी आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे आणि ती नाशिकमधल्या कितीतरी पात्र मुलींना ठाऊकच नसते. एमए, एमएस्सीच्या मुलांसाठी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे. जाहिरात आली की त्याच दिवशी ती ग्रुपवर टाकायची आणि पात्र असलेल्या प्रत्येकाला वेगळा फोन करायचा. ग्रुपवरचा संदेश मुलं वाचतात आणि 'आपल्याला कुठे मिळणार' म्हणून सोडून देतात. फोन आला की अर्ज भरतात.

फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पैसा हातात आला असं होत नाही. ती उशिरा येते आणि बऱ्याचदा काही महिन्यांची एकदम येते. दरम्यान कॉलेज रोडच्या खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेलाच द्यायचं असतं. यात आपल्या हातात काय आहे, तर कागद. हजेरीचा दाखला, प्रगती अहवाल, गाइडची सही, प्राचार्यांची सही, शिक्का. यांपैकी एक जरी आठ दिवस अडला तरी पुढचा हप्ता महिनाभर लांबू शकतो. आम्ही दर महिन्याच्या १ ते ३ तारखा 'सहीचे दिवस' म्हणून ठरवल्या. त्या तीन दिवसांत दुपारी साडेतीनला सगळे गाइड स्टाफरूममध्ये थांबतात आणि कार्यालयातले एक जण शिक्का घेऊन बसतात. मुलांचे खेटे थांबले. गेल्या चार वर्षांत आम्ही जे काही केलं, त्यात मुलांनी सर्वांत जास्त आभार याचेच मानले.

दुसरी गोष्ट, अडचणीचा निधी. आमच्या शिक्षकांपैकी अकरा जण दरमहा प्रत्येकी ५०० रुपये टाकतात. त्यातून गरजू संशोधकाला १०,००० रुपयांपर्यंत बिनव्याजी उसने मिळतात, फेलोशिप आली की परत करायचे. अर्ज नाही, कारण लिहून द्यायचं नाही. हिशेब फक्त दोघांना माहीत असतो. चार वर्षांत एकानेही पैसे बुडवलेले नाहीत. एका मुलाने फेडल्यावर वर ५०१ रुपये आणून दिले आणि 'पुढच्यासाठी' म्हणाला.

आणखी एक हिशेब नीट समजावून सांगा. नेटची फेलोशिप एकूण पाच वर्षं चालते आणि पीएचडीला सहा वर्षं लागू शकतात. ते सहावं वर्ष बिनपैशाचं असतं. चौथ्या वर्षीच त्याची कल्पना दिली तर मुलगा थोडं बाजूला टाकतो किंवा कामाचा वेग वाढवतो. सहाव्या वर्षी सांगून काही उपयोग नाही.

आणि कामाचा मोबदला. २०२२ च्या नियमांनुसार संशोधकांकडून आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन सहाय्याची अपेक्षा ठेवता येते. त्यापलीकडे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली लावणं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलणं, गाइडच्या घरची कामं करणं याला संशोधन म्हणत नाहीत. मी हे स्टाफ मीटिंगमध्ये बोलले तेव्हा थोडी शांतता पसरली. पण त्यानंतर तासांची नोंदवही सुरू झाली.

पुण्याची फेरी

नाशिकमधली बरीचशी महाविद्यालयीन संशोधन केंद्रं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आहेत, त्यामुळे कधी ना कधी गणेशखिंडीला जावंच लागतं. दोनशेहून अधिक किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस जातो आणि तिथे कळतं की एक सही राहिली. यावर उपाय दोन. एक, निघण्याआधी कागद तपासायची यादी करा आणि आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्याकडूनच ती तपासून घ्या, त्याला सगळ्या खाचाखोचा माहीत असतात. दोन, ग्रुपवर 'गुरुवारी कोण जातंय' विचारून फेऱ्या एकत्र करा. जिथे अधिकारपत्र चालतं तिथे एकाने चौघांचे कागद न्यावेत.

बसायला टेबल आणि शनिवारची लेखन-बैठक

प्रयोगशाळेतल्या मुलांना निदान एक स्टूल तरी असतं. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या मुलांना काहीच नसतं. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात सहा टेबलं, प्रत्येकाशेजारी एक प्लग पॉइंट आणि कुलूप लागणारा कप्पा, एवढं करा. कप्पा का, तर पेठहून रोज येणारी मुलगी आठ पुस्तकं पाठीवर वाहून आणत होती.

जागा अजिबातच नसेल तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे. १८४० पासून ते या गावाला वाचायला बसवत आलं आहे.

दर शनिवारी दुपारी २ ते ६ आमची लेखन-बैठक असते. मोबाइल टोपलीत. पन्नास मिनिटं लिहायचं, दहा मिनिटं चहा. सुरुवातीला प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, 'आज मी दुसऱ्या प्रकरणातली तीन पानं दुरुस्त करणार.' शेवटी काय झालं ते सांगायचं. कुणी कुणाचं लेखन तपासत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या शनिवारी चौघं आले होते, आता पंधरा-सोळा येतात. यातली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं मीच एकटी अडकले आहे. इथे येऊन बघते तर सगळेच अडकलेले." तिचा प्रबंध गेल्या वर्षी सादर झाला.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सत्रमाला घ्या. शुद्धलेखन, संदर्भ लिहिण्याची पद्धत, युनिकोड टाइपिंग, पानांची मांडणी. टायपिस्टकडे प्रबंध दिला आणि फाँट बदलताना सगळी जोडाक्षरं फुटली, ही तक्रार दरवर्षी येते. पहिल्या वर्षीच युनिकोडची सवय लावली तर शेवटचे दोन महिने वाचतात. वाङ्मयचौर्याच्या तपासणीबद्दलही आधीच सांगा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण मुलं त्या आकड्याच्या धास्तीने चांगली वाक्यंही मोडून टाकतात. दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचं नाव द्यायचं, एवढं प्रामाणिकपणे केलं की आकड्याची भीती उरत नाही.

गाइडशी बोलणं

हा नाजूक भाग आहे आणि मी स्वतः गाइड आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. दिलेलं प्रकरण पंधरा दिवसांत वाचून परत द्या. जमणार नसेल तर 'एक महिना लागेल' असं सांगा. मुलं वाट बघायला तयार असतात. किती बघायची ते माहीत नसलं की खचतात. परत देताना पहिल्या पानावर, काय जमलं आहे ते दोन ओळींत लिहा आणि मग लाल पेन उचला. मी हे उशिरा शिकले. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याने त्याचं परत दिलेलं प्रकरण आठ महिने उघडलं नव्हतं, हे त्याने मला पदवी मिळाल्यावर सांगितलं.

विद्यार्थ्यांनी काय करावं? प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी गाइडना चार ओळींचा ईमेल करावा, 'आज हे ठरलं, पुढच्या भेटीपर्यंत मी हे करतो.' पुढे वाद झालाच तर तो ईमेल कामी येतो. बहुतेक वेळा त्यामुळे वाद होतच नाही. नातं फारच बिघडलं असेल तर गाइड बदलण्याची सोय नियमांत असते. तिची वाट दाखवणारं, त्या गाइडच्या विभागाबाहेरचं एक माणूस केंद्राने नेमलेलं असावं.

घरच्यांसाठी

सर्वांत जास्त दुखावणारा प्रश्न आहे, 'कधी संपणार?' लग्नकार्यात, वास्तुशांतीत, सगळे हाच विचारतात. त्यात काळजी असते, मला ठाऊक आहे. पण उत्तर त्या मुलाकडेही नसतं. त्याऐवजी 'सध्या कुठल्या भागावर काम चाललंय?' असं विचारा. समजलं नाही तरी चालेल. विचारलं, हेच पुष्कळ आहे.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक ठरलेली सवय मी सुचवते. आठवड्यातले चार तास, रविवारी सकाळी म्हणा, तिने घरात असून नसल्यासारखं बसायचं. स्वयंपाक, मूल, पाहुणे दुसऱ्या कुणीतरी बघायचे. आमच्याकडच्या एका मुलीच्या सासूबाईंनी हे इतकं मनावर घेतलं की त्या वेळेत आलेल्या पाहुण्यांना त्या दारातच सांगायच्या, "सूनबाई अभ्यासाला बसलीय, तुम्ही अकरानंतर या." त्या फारशा शिकलेल्या नाहीत. प्रबंधाची अर्पणपत्रिका त्यांच्या नावाची आहे.

मुलांच्या बाबतीत बाप म्हणतो, 'तिशी आली, कमवायला कधी लागणार?' फेलोशिप हे कमावणंच आहे, हे गावात कुणीतरी सांगायला हवं. आम्ही दर दिवाळीआधी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी मराठीत एक पानी पत्र पाठवतो. तुमची मुलगी कशावर काम करते, त्याचा कुणाला उपयोग होईल, यंदा तिने काय पूर्ण केलं. खाली प्राचार्यांची सही. ती पत्रं घरोघरी देवघराशेजारी, टीव्हीच्या वर ठेवलेली मी स्वतः पाहिली आहेत. एका पाकिटाला पोस्टाचा खर्च पाच-दहा रुपये. त्या सुरगाण्याच्या वडिलांना असं एक जरी पत्र मिळालं असतं तर गावात सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

मन खचतं तेव्हा

झोप उडणं, फोन न उचलणं, केंद्रात येणं बंद होणं, 'आता सगळं सोडून देतो' असं वारंवार म्हणणं, यांतलं काही दिसलं की दोन आठवडे थांबू नका. घरी जा किंवा घरी बोलवा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक तक्त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लावा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्या मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शिक्षकाने समुपदेशक व्हायचा प्रयत्न करू नये. सोबत जाऊन बाहेर बसावं.

कौतुकाचा आठवडा

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कौतुकाचा आठवडा असतो. कल्पना चांगली आहे, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये परीक्षा तोंडावर असतात आणि शेतीघरच्या मुलांची उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते. आम्ही फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा निवडला. २७ तारखेला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. भाषा आणि विज्ञान एकापाठोपाठ येतात आणि एक दिवस तर आपल्याच गावाच्या कवीचा आहे. अडचण एवढीच की बारावीच्या परीक्षेसाठी वर्ग गेलेले असतात. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर ठेवा, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही येता येतं.

सुरुवात आम्ही देवळालीच्या कापरेकर सरांपासून करतो. गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, गाइड नव्हता, फेलोशिप नव्हती. कितीतरी काम त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केलं. ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सभागृहात प्रत्येकाला चार अंकी संख्या घ्यायला सांगायचं, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायची, उत्तर तीन अंकी आलं तर त्याच्या आधी शून्य धरायचं आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचं. जास्तीत जास्त सात वेळा केलं की सगळे ६१७४ वर येऊन थांबतात. आयांना आणि आजोबांनाही ही वजाबाकी जमते आणि सभागृहात एकदम कलकलाट होतो. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी आपल्या गावावरून 'देवळाली संख्या' असं नाव दिलं होतं, हे ऐकल्यावर मुलं सावरून बसतात.

मग मुख्य भाग. प्रत्येक संशोधकाने पाच मिनिटांत मराठीत आपलं काम सांगायचं, समोर बसलेल्या आपल्या घरच्यांना कळेल असं. पडद्यावर स्लाइड नाहीत. हवी तर एक वस्तू हातात घ्यायची. द्राक्षावरच्या केवड्यावर काम करणाऱ्याने डाग पडलेलं पान आणलं होतं. मालेगावच्या यंत्रमागांवर लिहिणाऱ्याने धोटा आणला. पेठ-सुरगाण्याच्या कोकणा बोलीवर काम करणाऱ्या मुलीने आजीचा आवाज ऐकवला आणि शेवटच्या रांगेतली आजी उठून उभी राहिली. तयारीसाठी आधी तीन तालमी लागतात, त्या टाळू नका. आपलं काम आईला सांगता येणं हे रॅकपुढच्या सादरीकरणापेक्षा अवघड आहे.

प्रमुख पाहुणे बोलावू नका, ही माझी आग्रहाची सूचना. पाहुणे आले की चाळीस मिनिटं त्यांच्या भाषणाला जातात आणि मुलांच्या वाट्याला शाल-श्रीफळाच्या वेळचा एक फोटो येतो. सत्कार करायचाच तर टप्प्यांचा करा. कोर्सवर्क पूर्ण झालं, क्षेत्रकार्य संपलं, पहिला निबंध स्वीकारला गेला, बाळंतपणानंतर पुन्हा कामाला लागली. या शेवटच्या टप्प्याला आम्ही दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती मुलगी बाळाला कडेवर घेऊन मंचावर आली होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षातला कुणीही मंचावर येण्यावाचून राहू नये, एवढा एकच नियम. त्याच्या वर्षातला टप्पा तुम्ही शोधून काढा.

खर्च फारसा नाही. एका संध्याकाळी मिसळ-पाव, एका संध्याकाळी चहा-चिवडा. द्राक्षांचा हंगाम असतोच, दिंडोरी-निफाडची मुलं घरून क्रेट आणतात. पुस्तकांची भेट द्यायची तर सगळ्यांना एकच पुस्तक देऊ नका. प्रत्येकाला त्याच्या विषयाचं, आणि ते निवडायचं काम गाइडचं. विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेऊ नका. एकदा आमच्याकडून ती चूक झाली आणि तीन जण आलेच नाहीत. कारण नंतर कळलं.

फ्लेक्सबद्दल माझं मत आता बदललं आहे. महाविद्यालयाने लावू नये, असं मला अजूनही वाटतं. पण गावकऱ्यांनी पाड्याच्या तोंडाशी 'आपल्या गावची पहिली डॉक्टरेट' म्हणून लावला असेल, तर तो काढायला सांगू नका. त्या फ्लेक्सखालून रोज शाळेत जाणाऱ्या मुली तो वाचतात.

व्हायवाचा दिवस

व्हायवा खुला असतो. सल्लागार समिती, प्राध्यापक, इतर संशोधक आणि विद्यार्थी तिथे बसू शकतात. आधीच्या वर्षांतल्या मुलांना बसवाच, त्यांची निम्मी भीती जाते. घरच्यांना मागच्या रांगेत बसवण्यासाठी अध्यक्षांना आठवडाभर आधी विचारा. आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आणि एक वाईट रीत मोडा. परीक्षकांचं जेवण, हॉटेल, भेटवस्तू, गाडी यांचा भार विद्यार्थ्यावर टाकला जातो. कुणी मागितलं नाही तरी 'असंच असतं' म्हणून मुलं कर्ज काढून करतात. केंद्राने लेखी कळवावं, 'व्हायवाच्या दिवशी विद्यार्थ्याने कोणताही खर्च करायचा नाही.' जेवण केंद्राचं, साधं, पोळीभाजी-वरणभात, सगळ्यांना एकच. त्या दिवशी घरचे पेढे मात्र जरूर घ्यावेत.

प्रबंध सादर झाल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, असं २०२२ चे नियम म्हणतात. चौथा महिना उलटला की केंद्राने स्वतः पाठपुरावा करावा. विद्यार्थ्याने विचारलं तर 'घाई करतो' असं दिसतं, केंद्राने विचारलं तर ते कामकाज असतं.

नोटिफिकेशननंतर

पदवी जाहीर झाल्याचं नोटिफिकेशन निघालं की प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, गेला का, ते बघा. नोकरीच्या अर्जांसाठी शिफारसपत्र न मागता लिहून ठेवा. सीएचबीवर राहिलेल्यांना लेखन-बैठकीतून आणि ग्रंथालयातून बाहेर काढू नका. पदवीनंतरचं पहिलं वर्ष बऱ्याच जणांना पीएचडीपेक्षा एकाकी जातं. आमच्या शनिवारच्या बैठकीत आज असे तिघं आहेत, ते पुस्तक लिहितात आणि नव्यांना चहा करून देतात.

राहिलं एक काम. ज्या गावातून, बाजार समितीतून, पाड्यावरून माहिती गोळा केली, तिथे दहा पानांचा मराठी सारांश छापून द्यायचा आणि द्यायला स्वतः जायचं. केंद्र गाडीचा खर्च करतं. त्या सुरगाण्याच्या मुलीबरोबर मी गेले होते. शाळेच्या पडवीत चाळीसेक माणसं जमली. तिने पाण्यासाठी बायका किती चालतात याचा तक्ता वाचून दाखवला. मागून एका बाईने तिला मध्येच थांबवलं आणि मार्च महिन्याचा आकडा चुकीचा आहे, त्याहून जास्त चालावं लागतं, असं सांगितलं. मुलीने तिथेच वही काढली. वडील तिच्या शेजारी खुर्चीवर बसले होते, सारांशाचा गठ्ठा मांडीवर घेऊन.